मनकर्णामावशीनं टाकलेला बायोडाटा

वालूरच्या निम्म्या सोयरिकी मनकर्णामावशीनं जुळवलेल्या. जिभेची तिखट, पण कुणाच्या घरातलं काही पोटातून ओठावर येऊ द्यायची नाही. मुलाकडचे कितीही मागं लागले तरी बोलणी पुढं सरकेपर्यंत मुलीच्या घराचा पत्ता लागू द्यायची नाही. "पोरीचं नाव चावडीवर न्यायचं नसतं," म्हणायची.

मग हातात मोबाईल आला आणि बाईचं शहाणपण गहाण पडलं. सोयरिकीच्या ग्रुपांवर बायोडाटा टाकला की घरबसल्या स्थळं येतात, याची तिला भारी गोडी लागली. सख्ख्या बहिणीच्या पोरीचा, अपेक्षाचाही तिनं टाकला. फोटो, जन्मतारीख, परभणीचं नर्सिंग कॉलेज, घराचा पत्ता, सगळं. खाली बापाचा नंबर द्यायची रीत. पण तिच्या बापाचा, परमेश्वरदाजींचा फोन सदा बंद, म्हणून हिनं अपेक्षाचाच दिला.

आठ दिवसांत पोरीला घाणेरडे फोन सुरू झाले. कुण्या नालायकानं तोच फोटो आणि तोच नंबर लावून तिच्या नावाचं खोटं खातं उघडलं होतं, आणि त्यावर वाचवत नाही असं घाणेरडं लिहिलं होतं. दाजींनी पोरीला कॉलेजातून काढून घरी आणलं. परीक्षा तोंडावर आली होती.

"मावशे, मी काय केलं गं?" अपेक्षानं विचारलं. मावशीनं मोबाईल काढला.

तिनं एकेका ग्रुपातून बायोडाटा पुसला. पण तो फक्त तिच्याच फोनमधून पुसला गेला होता, बाकीच्यांच्या फोनमध्ये तसाच होता, हे तिला तक्रार द्यायला गेल्यावर पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी सांगितलं. मॅडमनी तक्रार घेतली. "खातं बंद करायला लावू," त्या म्हणाल्या. "पण फोटो कुठवर गेला, ते आमालाबी सांगता यायचं न्हाई."

मावशीनं दाजींचे पाय धरले. "चूक माझी हाय. पोरीला परीक्षेला जाऊ द्या."

"लोकायची तोंडं कोण धरील?" दाजी म्हणाले आणि उठून शेताकडं गेले. आत अपेक्षा पुस्तकं पोत्यात भरत होती.

मावशी रडत घरी आली. तेवढ्यात मोबाईल वाजला. पाथरीच्या एका ओळखीच्या बाईचा निरोप होता: "मनकर्णाबाई, ही पोरगी लय गुणाची दिसायली. तुमच्या वळखीची हाय का?"

खाली अपेक्षाचा हसरा फोटो होता. फोटोतली साडी मावशीनंच नेसवलेली होती.