कार्मेलची कृष्णकमळं

कृष्णकमळाला कृष्णाचं नाव कुणी दिलं, ते मला विचारू नका. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना एवढं कळलं, की हा वेल मूळचा अमेरिकेतला. आपल्याकडे आला तेव्हा त्याच्या ओळखीचा ना कृष्ण होता, ना कौरव. पण ठाण्यात या नावावरून १८८८च्या गोकुळाष्टमीला जे झालं ते एका बाईमुळे, आणि मला लिहायचंय ते तिच्याबद्दल.

कार्मेल ठाण्याजवळच्या बाळकुमची. ख्रिस्ती शेतकऱ्याची विधवा. उंच, ताठ, तोंडाची फटकळ. तिच्या कुंपणभर हा वेल. सकाळी फुलं खुडायची, केळीच्या पानात गुंडाळायची आणि चालत ठाण्यात, आमच्या नौपाड्यात यायची. रोजच्या रतिबाची दहा घरं बांधलेली. ती मिळवून दिली माझ्या सासूबाईंनी, आवडाबाईंनी. नौपाड्यात त्यांचा शब्द शेवटचा. फुलं ख्रिस्ती बाईच्या हातची म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. पाणी शिंपडलं की फूल शुद्ध. हुंगलेलं, तोंड लावलेलं मात्र देवाला चालत नाही.

त्या वर्षी सासूबाईंचा नेम होता, चातुर्मासभर रोज बाळकृष्णाला एक कृष्णकमळ. अष्टमीला स्वारी खुशीत होती.

"बघ गं कार्मेल, ही जांभळी झालर म्हणजे शंभर कौरव. हे पाच पांडव. वरचे तीन ब्रह्मा, विष्णू, महेश. म्हणून हे कृष्णाचं."

कार्मेल कसली हार जाते! "अवो बाय, आमच्यात याला क्रुसाचं फूल म्हणतात. झालर म्हंजे सायबाच्या डोक्यावरचा काट्यांचा मुगुट. हे पाच त्याचे घाव, हे तीन खिळे. म्हणून तर खुडताना मी एकेका फुलाचा मुका घेते."

बोलून गेली.

"एकेका?" सासूबाई.

"हां तर."

"रोज?"

"रोज."

बेचाळीस दिवस झाले होते. बेचाळीस उष्टी फुलं! नेम पाण्यात. 'आजच घेतला' म्हणाली असती तरी निभावलं असतं, पण थाप मारणं तिला जमायचं नाही.

"उद्यापासून घेऊ नकोस."

"तुमी हात न जोडता फूल वाहाल का?"

"मग फूलच नको."

कार्मेलनं टोपली उचलली. सासूबाईंनी तोंड उघडलं की बाकीची नऊ दारंही बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

इथे शबरीची बोरं आठवून कुणी डोळे पुसू नका. सासूबाई कर्मठ होत्या, त्या विरघळल्या नाहीत.

दुसऱ्या सकाळी कार्मेल आली ती मुळं धरलेली फांदी आणि खुरपं घेऊन. सरळ मागीलदारी जाऊन विहिरीशेजारी खणायला बसली.

"आता आपल्या हातानं खुडा. तुमच्या कुंपणावर तुमचा किस्न, माझ्या कुंपणावर माझा सायब."

"अगं वेडे, हातचं गिऱ्हाईक घालवतेस!"

"एक घालवते. बाकीची नऊ तुमच्या तोंडात हायत."

सासूबाई हसल्या म्हणे. एरवी त्या हसायच्या नाहीत. उरलेला चातुर्मास तुळशीवर निभावला आणि पुढच्या आषाढात घरच्या वेलाच्या फुलांनी नेम पहिल्यापासून केला.

मी लग्न होऊन आले तेव्हा कार्मेल साठीची होती. वेल छाटायला यायची, माझी छाटणी बघून मला आळशी म्हणायची, आणि मग टोपलीतली फुलं त्या नऊ घरी द्यायला निघायची.

"त्या घरांना मुक्याचं सांगायला नको का?" मी एकदा सासूबाईंना विचारलं.

"नेम माझा होता," त्या म्हणाल्या. "त्यांनी विचारलंय का कुणी?"