टेक्सास, न्यू जर्सी आणि टीव्हीचं खोकं

ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यात मी इंजिनियर होतो तेव्हा दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी शेजारी आमच्याकडे पोहे खायला यायचा. तोही आमच्याच कारखान्यातला. पोहे खाता खाता आम्ही अमेरिकेतलं राज्य निवडायचो. व्हिसा दोघांकडेही नव्हता, पण त्यावाचून काही अडत नव्हतं.

तो टेक्सासवाला. तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, हे तो असं सांगायचा की जणू त्यानेच तो माफ केलाय. ओमानमध्येही आम्ही दमडीचा इन्कम टॅक्स भरत नव्हतो, हे मात्र दोघांच्याही कधी लक्षात आलं नाही. मी न्यू जर्सीचा. "सोहारमध्ये ऊन फुकट मिळतंय, ते टेक्सासात जाऊन विकत कशाला घ्यायचं?" असं मी ओरडायचो.

हा वाद आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून घालायचो. नऊ वर्षांत सोफा घेतला नव्हता, कारण इथे कुठे कायम राहायचंय? टीव्ही, फ्रिज, मिक्सर, सगळ्यांची खोकी मात्र परत जाताना लागतील म्हणून बेडरूममध्ये छतापर्यंत रचलेली होती.

एकदा चिडून मी बायकोलाच विचारलं, "तू सांग, कुठलं राज्य चांगलं?"

तिने बशा उचलल्या. "जिथे रिकामी खोकी ठेवायला जागा जास्त, ते."

"मग टेक्सासच," शेजारी खुर्चीतून उठलाच. "तिथे गॅरेज दोन गाड्यांचं असतं!"