मालक सोडत नाहीत

"हात सैल सोडा. आवळला की फुटतंय."

बांगड्या भरायला बसलेल्या प्रत्येक बाईला त्या असं सांगायच्या, आणि सांगून होईपर्यंत बांगडी मनगटावर गेलेलीही असायची.

त्यांच्याविषयी मी यापूर्वी एकदा लिहिलं आहे. त्या गेल्या तेव्हा आमच्या नाट्यसंस्थेच्या स्मरणिकेत माझा लेख आला होता. लोकांना आवडला. त्यात एक वाक्य आहे: 'घरच्यांच्या विरोधामुळे त्यांची सिनेमाची संधी हुकली.' ते वाक्य खोटं आहे. लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. खरं सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. आता वय असं झालंय की टाळायलाही फारशी जागा उरलेली नाही.

नाव लिहीत नाही. नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. माहेर देगलूरकडचं, त्यामुळे बोलण्यात उर्दू तर असायचीच, पण मधूनच एखादा तेलुगू शब्दही डोकावून जायचा. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील: दुकानात एक गिऱ्हाईक बसलेलं असताना नुकत्याच उठून गेलेल्या गिऱ्हाइकाची नक्कल करणारी, आणि बसलेल्या बाईलाही ठाऊक असतं की आपण उठलो की आपली पाळी आहे. तरी ती हसत बसते.

मी शाळेत मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी हौशी नाटकं बसवायचो. आमच्या गावात नाटक लिहिणारे पुष्कळ. नाटकात काम करायला बाई मिळणं कठीण. एकदा बायकोला घेऊन त्यांच्या दुकानात गेलो होतो. नक्कल ऐकली आणि तिथंच विचारलं, "बाई, नाटकात काम कराल का?"

"हाव," त्या म्हणाल्या. विचार करायला क्षणही घेतला नाही. मग मागच्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या, "अवो, सर नाटकात बोलवून राहिले. जाऊ का?"

आतून आवाज आला, "जा की. मला कामून इचारती?"

हे त्यांचे मालक. आमच्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात. या मालकांची मालकी फार तर एका जुन्या स्कूटरवर चालत असेल. तालमीला ते बाईंना स्कूटरवर सोडायचे, जेवणाचा डबा मांडीवर ठेवून शेवटच्या खुर्चीत बसायचे आणि तालीम संपेपर्यंत हलायचे नाहीत. मी एकदा निरखून पाहिलं, तर बाईंच्या प्रत्येक वाक्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते. एकदा बाई वाक्य विसरल्या. वाक्यं सांगायला बसवलेला आमचा माणूस पान शोधत राहिला आणि शेवटच्या खुर्चीतून पुढचं वाक्य आलं. सगळे हसले. मालक लाजून डब्याकडे बघायला लागले.

"बगा," बाई म्हणाल्या, "घरात एक शब्द बोलत न्हाईत. हितं माझे डायलॉग बोलतेत."

माझं आणि बाईंचं भांडण एकाच शब्दावरून व्हायचं. स्पर्धेला परीक्षक पुण्या-मुंबईचे यायचे, त्यामुळे रंगमंचावर शुद्ध बोललं पाहिजे हा माझा हट्ट. बाई सगळं नीट म्हणायच्या, पण होकार द्यायची वेळ आली की तोंडातून 'हाव' निघायचं.

"बाई, हाव नाही, हो. हाव म्हणजे लोभ."

"अय्यो! मग तुमच्या पुण्याच्या लोकाला लोभ सुटला की काय मनतेत?"

"हाव सुटली, असं म्हणतात."

"आन् आमी कायबी न सुटता मनताव. मग चांगला कोन?"

तालमीतली पोरं टाळ्या वाजवायची, आणि मला राग यायचा. पुढे पुढे त्या 'हो' म्हणायला शिकल्या. पण त्याआधी किंचित थांबायच्या, रस्त्यात साचलेलं पाणी ओलांडताना लुगडं सावरून पाय टाकावा तशा. प्रेक्षकांना ते कळत नसे. मला कळायचं, आणि आपण यांना घडवलं असं वाटून बरं वाटायचं.

मग तो सिनेमावाला आला.

इस्लापूरकडे, धबधब्याच्या परिसरात त्याचं शूटिंग व्हायचं होतं. गोष्टीत एक आत्या होती, आणि त्याला ती इथलीच, इथलं बोलणारी बाई हवी होती. कोणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून तो आमच्या तालमीला येणार होता. त्या सिनेमात एका मुख्याध्यापकाचंही काम आहे, हे माझ्या कानावर आलं होतं. त्या दिवशी मी इस्त्रीचा सिल्कचा कुडता घातला. तालमीला सिल्कचा कुडता कोण घालतं, हे तुम्हीच सांगा.

तो बसला. आमचा प्रवेश त्यानं जांभया देत पाहिला. मध्ये चहाची सुट्टी झाली. बाईंनी, नाटकात त्यांचा मुलगा होणाऱ्या पोराचा हात धरला आणि त्याला बांगड्या भरायची नक्कल सुरू केली: "सैल सोड रे, लग्नात रडशील." तो माणूस सरळ होऊन बसला. खळखळून हसला. बाई पायऱ्यांवर डबा खायला गेल्यावर माझ्याजवळ आला.

"सर, माझी आत्या मिळाली. पण स्टेजवर त्या अशा का बोलत नाहीत? त्यांना ते 'हो' कोण म्हणायला लावतं?"

"स्पर्धा असते," मी म्हणालो.

"असेल. त्या येतील ना? महिनाभर लागेल."

कुडत्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर बाई आणि मालक एकाच डब्यात जेवत होते. दारातून मला दिसत होते. हाक मारली असती तर दोघं हातातला घास खाली ठेवून आले असते, आणि त्या काय म्हणाल्या असत्या हे मला जितकं ठाऊक होतं तितकं दुसऱ्या कोणाला असणार? आयुष्यभर ज्यांनी सगळ्याला 'हाव' म्हटलं, त्यांच्या वतीनं मी म्हणालो, "अवघड आहे. मालक सोडत नाहीत."

"कोण मालक?"

"नवरा. आमच्याकडे तसंच म्हणतात."

त्यानं समजल्यासारखी मान हलवली. आमच्या भागाबद्दल असं काही वाईट सांगितलं की बाहेरच्या माणसाला त्याचा पुरावा लागत नाही.

स्पर्धा तोंडावर आली होती, बाई गेल्या असत्या तर नाटक बुडालं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. स्पर्धा तोंडावर आली होती, हे खरंच आहे. पण तेवढंच खरं असतं तर मी तसं त्याला सांगितलं असतं.

आत्याच्या कामाला मुंबईची नटी आली. मुख्याध्यापकाचं काम मला मिळालं नाही; नटीला इथली भाषा शिकवायचं मिळालं. मी तिला 'हाव' शिकवलं, 'अय्यो' शिकवलं, हात सैल सोडायला शिकवलं. ते सगळं कुणाचं होतं हे तिला सांगितलं नाही.

मग त्या नटीसाठी काचेच्या बांगड्या लागल्या आणि सिनेमाची माणसं त्या आणायला बाईंच्याच दुकानात गेली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बांगड्या बांधून घेता घेता त्यांतला एकजण बाईंना म्हणाला, "मावशी, खरं तर हे काम तुमचंच होतं. तुमच्या मालकांनी सोडलं नाही ना."

बाई तडक माझ्या घरी आल्या. दुपारची वेळ, दुकान उघडं टाकून आलेल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

"सर, खरं सांगा. आमचे मालक तुमाला न्हाई मनले का?"

त्या क्षणी सगळं निस्तरता आलं असतं. बाईंनी मला शिव्या दिल्या असत्या, चार दिवसांनी माझी नक्कल केली असती आणि पाचव्या दिवशी तालमीला आल्या असत्या.

मी म्हणालो, "जाऊ द्या बाई. त्यांचंही काही असेल."

व्याकरणानं पाहिलं तर या वाक्यात खोटं काही नाही. मराठीचा मास्तर होतो मी.

"हाव," त्या म्हणाल्या आणि गेल्या. एवढी वर्षं मी त्यांना त्या शब्दावरून टोकलं, पण असं 'हाव' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या मागं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना तालमीला आणून सोडलं, पण आत आले नाहीत. स्कूटरपाशी उभे राहिले. मी बाहेर जाऊन म्हणालो, "आत या की."

"न्हाई सर. बरं हाय हितं."

मी वळणार तेवढ्यात ते म्हणाले, "मी मनलं तिला, मला कोनी इचारलंच न्हाई. ती मनली, मग सर खोटं कशाला बोलतील?"

आवाज चढला नव्हता. घरात काय झालं ते सांगावं तसं सांगितलं, आणि खिशातला रुमाल काढून स्कूटरची गादी पुसायला लागले. गादी स्वच्छ होती. मी आत जाऊन तालीम सुरू केली. शेवटची खुर्ची त्यानंतर रिकामीच राहिली. बाई अधूनमधून वाक्य विसरायच्या तेव्हा त्या खुर्चीकडे बघायच्या.

सिनेमा आला तेव्हा बाई शेजारणींना घेऊन गेल्या. मालक गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानापुढून जाताना मला हाक आली. "सर! ती नटी तर डिट्टो माझ्यावानी बोलती बया! म्या सगळ्यांला सांगितलं, आमच्या सरांनी शिकवलं तिला." त्यांना खरोखर अभिमान वाटत होता. मी मान डोलवून पुढे गेलो.

काही वर्षांनी मालक आजारी पडले आणि गेले. बाई दुकान विकून लातूरला लेकीकडे राहायला गेल्या.

एकदा मनाचा हिय्या करून मी लातूरच्या एसटीत बसलो. काय बोलायचं ते ठरवून घेतलं होतं. सगळी वाट मी ते वाक्य घोकत होतो, जसं तालमीत इतरांकडून घोकून घेतलं तसं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय मनलाव?" बहुधा मी मोठ्यानं बोललो होतो. "काही नाही," मी म्हणालो.

बाई पलंगावर बसलेल्या होत्या. गुडघे गेले होते. हातात काचेच्या बांगड्या तशाच. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"लोक बोलतेत. बोलू द्या. बांगडीवालीचा हात रिकामा बरा दिसतो का?" मग लेकीला म्हणाल्या, "सरांला च्या ठेव. साखर कमी. ह्यांनी मला आर्टिस्ट केलं बरं का."

जुन्या गोष्टी निघाल्या. माझं वाक्य मी ओठांपर्यंत आणलं होतं. तेवढ्यात त्याच बोलल्या.

"सर, आमच्या मालकानं जिंदगीत एकदाच मला न्हाई मनलं. तेबी माझ्या तोंडावर न्हाई, तुमच्याजवळ मनलं. लई दिवस राग धरला मी. जेवायला वाढायची, पर बोलायची न्हाई. शेवटी दवाखान्यात त्यांला मनलं, जाऊ द्या आता, म्या माफ केलं तुमाला."

"मग?" मी विचारलं.

"नुस्ते हासले."

चहा आला. मी पाठ केलेलं वाक्य विसरलो नव्हतो. एक शब्दही विसरलो नव्हतो. पण ते आता बोललो असतो तर दवाखान्यातलं ते हसणं मी त्यांच्या हातातून काढून घेतलं असतं, किंवा त्यांना पहिल्यांदाच त्याचा अर्थ कळला असता. त्यातलं काय वाईट हे मला ठरवता येईना. खरं सांगायचं तर हा विचारही नंतरचा. तेव्हा मी नुसता घाबरलो होतो.

बाईंनी माझं मनगट धरलं. "हात कामून एवढा आवळलाव सर? सैल सोडा."

मी म्हणालो, "गाडीची वेळ झाली."

त्याच वर्षी हिवाळ्यात बाई गेल्या. मग मी स्मरणिकेत तो लेख लिहिला आणि मालकांवरचा आळ छापूनही टाकला.

गेल्या महिन्यात आमच्याकडे सिनेमाच्या अभिनयाचं शिबिर झालं. हल्ली खेड्यापाड्यांतल्या पोरी मोबाइलसमोर उभं राहून बिनधास्त ऑडिशन देतात, आणि त्यांच्याकडून इथलंच बोलणं मागतात. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. बोलीचे जाणकार, अशी ओळख करून दिली. एका मुलीनं उठून विचारलं, "सर, हाव मनलेलं चालतंय का?" मागच्या रांगेत तिची आई का मावशी कोण बसली होती, तीही माझ्याकडे बघत होती. मी माईक आयोजकांच्या हातात दिला. घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

अहमदपूरच्या स्टँडवर त्या म्हाताऱ्याला जे ऐकू आलं नाही ते असं होतं: बाई, मालक न्हाई मनले नव्हते. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. नाही मी म्हणालो होतो. मला माफ करा, आणि त्यांचीही माफी माझ्या वतीनं तुम्हीच मागा.