काकासाहेबांचा तोंडी हुकूम

माझी नणंद फौजेत वायरलेसवर आहे. आवाज खणखणीत, म्हणून घरात तिला भोंगा म्हणतात. छावणी गावाबाहेरच, त्यामुळे सुटी मिळाली की घरी येते. ती भरती झाली तेव्हा आमचे हे महिनाभर छाती काढून चालत होते. चारचौघांत सांगायचे, "बहीण देशाचं रक्षण करते." बहिणीचं रक्षण कोण करतं, हे कुणी विचारलं नाही.

तिच्या तुकडीचे साहेब म्हणजे काकासाहेब. हे नाव त्यांनी स्वतःच कमावलेलं. नवी मुलगी आली की पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "मला काकांसारखं समज." तो हात मग लवकर निघायचा नाही. असला काका वैऱ्यालाही मिळू नये. सगळ्या तुकडीला ठाऊक होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? बढतीचा शेरा काकांच्या हातात. नणंदेला यंदा बाहीवर दुसरी फीत मिळायची होती आणि त्या फितीसाठी तिनं जिवाचं रान केलं होतं.

वायरलेसवर एक शिस्त असते. आलेला हुकूम बटण दाबून शब्द न् शब्द परत म्हणायचा, म्हणजे सगळ्या चौक्यांना तो ऐकू जातो. एकदा नणंदेनं एक शब्द गाळला, तर काकांनी तिला भर उन्हात मैदानाभोवती पळवलं. "मी बोलतो ते जसंच्या तसं परत आलं पाहिजे," हे त्यांचंच वाक्य.

सरावाच्या दिवशी दुपारी ती वायरलेसच्या खोलीत एकटी बसली होती. काका आत आले, दार लोटलं, हात खांद्यावर. "फीत हवी ना? मग संध्याकाळी खोलीवर ये. एकटी."

नणंदेनं बटण दाबलं. "साहेबांचा हुकूम परत म्हणते. फीत हवी असेल तर संध्याकाळी खोलीवर यावं. एकटीनं. साहेबांचा हात माझ्या खांद्यावर आहे. सर्व चौक्यांनी पोच द्यावी."

तापल्या तव्यावरून उचलावा तसा काकांनी हात उचलला. चौक्यांवरचे पुरुष गप्प. छातीवर गोळी झेलणारे वीर हे, पण पोच द्यायला दातखीळ बसली. मग डोंगरावरच्या चौकीतून एका बाईचा आवाज आला. "पोच. हुकूम समजला. मागच्या वर्षी मलाही हाच होता."

चौकशी बसली. तीन साहेब, चहा, बिस्किटं. पहिला प्रश्न नणंदेला: सरकारी वायरलेस खासगी बोलण्यासाठी का वापरला? चौक्यांवरच्या पुरुषांनी सांगितलं, त्या दिवशी खरखर फार होती. मग थोरल्या साहेबांनी मायेनं तोडगा काढला. थट्टामस्करी होती असं सांग आणि फीत घेऊन जा.

घरी आमचे हे म्हणाले, "सांगून टाक ना. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मग तूच चल, दादा," नणंद म्हणाली. "त्यांच्यापुढे उभा राहा आणि सांग, माझ्या बहिणीची थट्टा केली, आमची काही तक्रार नाही."

हे ताटातलं अन्न चिवडत बसले. मला इतका संताप आला की मी त्यांच्यापुढचं भाजीचं भांडं उचलून आत नेलं.

तिनं थट्टा म्हटलं नाही. डोंगरावरच्या त्या बाईनंही शब्द फिरवला नाही. फीत गेली. वर वायरलेस काढून घेऊन तिला बूट आणि घोंगड्यांच्या कोठारात बसवलं. "बूट हात लावत नाहीत, वहिनी," असं हसत मला सांगितलं तिनं.

काकांनाही शिक्षा झाली म्हणे. बदली. सामान बांधायला पेट्या कोठारातूनच गेल्या, तेव्हा बदली कुठं झाली ते तिला कळलं. नव्या मुलींच्या प्रशिक्षण केंद्रावर, प्रमुख म्हणून. अनुभवी माणूस ना! त्या दिवशी ती घरी आली ती दारातच बसली आणि ढसाढसा रडली. फीत गेली तेव्हासुद्धा रडली नव्हती.

"त्या पोरींना अजून बटण कुठलं दाबायचं तेही शिकवलेलं नसेल, वहिनी," ती म्हणाली.