हाडके सर आणि गुरुजींची पाठ

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, ते शेडमधलं काहीतरी सांगा." आता किस्से साठवायला मी काही वही घेऊन बसले नव्हते. मूर्ती करताना मातीचे तुकडे खाली पडतात, ते आम्ही एका बादलीत टाकायचो. वर्षअखेरीस बघितलं तर मूर्तीपेक्षा बादलीच जड! किश्शांचंही तसंच झालं.

शेड म्हणजे तुळजापुरात सोलापूर रस्त्याला असलेली पत्र्याची एक लांबट खोली. तिथं आमचे सर चित्रकला आणि मूर्तिकाम शिकवायचे. मी तेव्हा चित्रकला शिक्षकाच्या परीक्षेची तयारी करत होते. सरांचं म्हणणं एकच, कपड्याच्या आतला माणूस आधी कळू द्या. हाडं, सांधे, स्नायू. त्यातही पाठ आधी, चेहरा सगळ्यात शेवटी. आम्ही चेहऱ्याला हात घातला की सर पेन्सिल काढून घ्यायचे.

सरांचं आडनाव गिरे, पण गावात त्यांना कुणी गिरे म्हणत नसे. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायचं, हाड चाचपायचं आणि "वा!" म्हणायचं, ही त्यांची सवय. त्यावरून गाव त्यांना हाडके सर म्हणायला लागलं. पुढं पुढं लग्नाच्या पत्रिकाही "श्री. व सौ. हाडके" अशाच यायला लागल्या. सरांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, चिडायच्या, पण लग्नाला जायच्या.

*

या नावाचा परिणाम असा झाला की एकदा एक शेतकरी सुजलेलं मनगट घेऊन शेडच्या दारात आला. "हाडकं बसवणारे इथंच का?"

सर म्हणाले, "इथंच, पण कागदावर." त्याला ते कळलं नाही. सरांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि आम्हाला सांगितलं की असं सुजलेलं मनगट परत मिळायचं नाही, काढून घ्या. अर्धा तास तो बिचारा हात न हलवता बसला. मग सरांनी त्याला डॉक्टरांचा पत्ता देऊन वाटेला लावलं.

पुढच्या आठवड्यात तो परत आला. डॉक्टरकडं गेलाच नव्हता. म्हणाला, "हात लई गुणाचा हाय सरांचा. नुसतं बघितलं तरी उतार पडला." सोबत त्यानं दोन माणसं आणली होती. एकाचा घोटा, एकाचं माकडहाड.

आम्ही घोटा काढला.

*

त्याच वर्षी सरांना पहिलं मोठं काम मिळालं. लोहाऱ्याजवळच्या एका गावातले गुरुजी वारले होते. चाळीस वर्षं तिथली पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून शाळेपुढं गुरुजींचा पूर्णाकृती पुतळा उभा करायचं ठरलं. तोवर सरांनी गणपती आणि देवीच्या मूर्तीच केल्या होत्या. आधी मातीत गुरुजी उभे करायचे, गावच्या समितीनं ते पास करायचे, मगच पुढचं ओतकाम. हे जमलं तर शेड चालणार. नाही जमलं तर शेड बंद आणि सर धाराशिवला भावाच्या फ्लेक्सच्या दुकानात. सरांनी हे हसत हसत सांगितलं, पण त्या दिवशी त्यांचा चहा अर्धा तसाच राहिला. मला फार वाईट वाटलं होतं.

अडचण एकच होती. गुरुजींचा फोटो होता एक, तोही पासपोर्टचा, समोरून. सर कुरकुरायचे, "या फोटोवाल्यांनी कुणाला पाठ ठेवलीच नाही."

*

मग पाठीसाठी माणूस शोधला. मारुती आबा हे मूळचे ईट गावचे. सारा जन्म मेंढरांमागं गेला. आता मुलाच्या नोकरीमुळं तुळजापुरात राहायला आलेले आणि दिवस कसा घालवायचा या विवंचनेत असलेले. सरांनी त्यांना रस्त्यात मागून बघितलं आणि पुढं जाऊन हात जोडले.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "आबा, सहज उभे राहा." आबांनी टाचा जुळवल्या, छाती काढली, श्वास रोखला. आधार कार्डाच्या फोटोला उभं राहावं तसे. सरांनी नाना प्रकारे समजावलं, पण आबा जास्तच ताठ व्हायला लागले. शेवटी कंटाळून सर म्हणाले, "राहू द्या आबा, विश्रांती घ्या."

आबांनी कोपऱ्यातली काठी घेतली, बगलेत टेकवली, सगळा भार एका पायावर टाकला आणि दुसरा पाय गुडघ्यापाशी दुमडून उभे राहिले. एक खांदा वर, एक खुबा खाली, पाठीचा कणा मस्त वळलेला. मेंढरं चरताना चाळीस वर्षं ते असेच उभे राहिले होते.

"हलू नका!" सर ओरडले. आबा घाबरून पुन्हा ताठ.

तेव्हापासून आमच्याकडं शब्दांची अदलाबदल झाली. सर "आबा, विश्रांती" म्हणाले की आम्ही काम सुरू करायचं. "आबा, पोझ" म्हणाले की चहा. आठ दिवसांनी आबांच्या ते लक्षात आलं. शांतपणे म्हणाले, "म्हंजी इसाव्याला काम म्हणत्यात व्हय हितं? मग म्या बी आता नोकरदारच झालो की."

*

आबांनी अंगरखा काढला, पण फेट्याला हात लावू दिला नाही. सरांनी कवटीचं महत्त्व सांगितलं, कपाळाचं हाड कसं मागं वळतं ते सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बोडकं डोकं कवा करत्यात? घरात कुणी गेल्यावर. माझं पोरगं नातू समदे धडधाकट हायेत, सर."

वर्षभर आमच्या चित्रांतला माणूस कमरेवर उघडा आणि डोक्याला फेटा! प्लास्टरची एक कवटी शेडमध्ये होती. आबांनी स्वतःचा जुना फेटा आणून तिला बांधला. उघडी बघवत नाही म्हणाले. तोही फेटा सोडायची कुणाची हिंमत झाली नाही.

माझ्या परीक्षेच्या चित्रावर परीक्षकांचा शेरा होता, "पाठ उत्तम. डोके झाकण्याची सवय सोडा."

*

शेडमध्ये माझ्यासोबत शिंदेकाका शिकायचे. एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. सगळा जन्म खड्डे बघितले, आता उंचवटे बघतो म्हणायचे. एकदा सरांनी काकांच्या पायांचे प्लास्टरचे साचे काढले, कारण घोट्यापासून अंगठ्यापर्यंत एकेक हाड उठून दिसत होतं. ओतलेली पावलांची जोडी वाळायला बाहेर कट्ट्यावर ठेवली.

तो नेमका मंगळवार होता, देवीचा वार. आम्ही जेवून आलो तर पावलांवर हळदीकुंकू, दोन झेंडूची फुलं आणि एक फोडलेला नारळ! रस्त्यानं जाणारे भाविक वाकून पुढं जात होते. काका दारात उभे राहून बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "तीस वर्षं या पायांनी ब्रेक मारला," ते मला हळूच म्हणाले, "पण कुणी नमस्कार केला न्हाय."

एक म्हातारी निरखून बघत होती. तिनं विचारलं, "बाळा, अंगठ्याखाली ह्यो गोळा कसला?" काका पटकन खरं बोलून गेले, "कुरूप हाय ते, आजी."

म्हातारीनं काकांना असं झापलं म्हणता! "देवाच्या पायाला कुरूप म्हनतूस? जीभ झडंल!" काका स्वतःचे पाय चपलेत लपवत आत आले. नारळ मात्र आम्ही खाल्ला.

*

खांद्याचं पातं कसं सरकतं ते समजावं म्हणून सर आम्हाला दर रविवारी मटणाच्या दुकानात न्यायचे. दुकानदार भला माणूस. पहिल्यांदा त्यानं विचारलं, "किती देऊ?" सर म्हणाले, "घ्यायचं नाही, बघायचंय." पुढं पुढं तो आमच्यासाठी एक अख्खा फरा, म्हणजे खांद्यासकट पुढचा पाय, आकड्याला वेगळा टांगून ठेवायला लागला. गिऱ्हाइकानं मागितलाच तर सांगायचा, "त्यो चित्रकलेचा हाय. अभ्यास झाला की मग तोडतो."

माझे वडील माळकरी. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की तुमची मुलगी दर रविवारी मटणाच्या दुकानात दिसते. त्यांनी आवाज चढवला नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. मी घाईघाईनं चित्रांची वही आणून दाखवली. बरगड्या, स्नायू, वर चरबीची पांढरी झिल्ली. वडील बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चित्र असलं म्हणून काय झालं? हे घरात नको."

आणि ती वही पुढं वर्षभर अंगणातल्या न्हाणीघरात, सरपणावर राहिली. माझ्या कामाला मिळालेली पहिली खरी दाद तीच.

*

आता समितीचं सांगते. मूर्ती करताना सर आधी उघडा माणूस उभा करायचे, कपडे नंतर वर चढवायचे. नाहीतर धोतराच्या आत पायच नाहीत असं वाटतं, हे त्यांचं म्हणणं. गुरुजी असे पूर्ण उघडे मातीत उभे होते आणि समिती न कळवता आली!

पाच जण. सगळे गुरुजींचे विद्यार्थी. दारातून आत आले आणि पाचही जण गर्रकन मागं वळून रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. अध्यक्ष रस्त्याकडं बघतच म्हणाले, "सर, आमचे गुरुजी असे नव्हते हो."

सर म्हणाले, "आत सगळेच असे असतात."

शिंदेकाका प्रसंगावधानी माणूस. खिळ्याला अडकवलेला आपला जुना खाकी शर्ट त्यांनी गुरुजींच्या अंगात अडकवला आणि कमरेला टॉवेल गुंडाळला. समिती वळली. मग एक जण भीत भीत म्हणाला, "गुरुजी एसटीत कवा व्हते?"

दुसऱ्या खेपेला धोतर, कोट, टोपी सगळं झालं होतं. आता भांडण चेहऱ्यावरून. ज्यांनी छड्या खाल्ल्या त्यांना गुरुजी रागीट हवे होते, ज्यांना गुरुजींनी पुस्तकं दिली त्यांना हसरे. सरांनी ओठ वर केला तर तिघं नाराज, खाली केला तर दोघं. जाताना अध्यक्ष म्हणाले की पुढच्या मंगळवारी शेवटचं बघू, नाहीतर काम सोलापूरला देऊ. त्या आठवड्यात सरांनी कुणाचंही मनगट धरलं नाही. वहिनींनी मला विचारलं, यांना बरं नाही का?

*

मंगळवारी जीप आली. पाच जणांमागून एक वयस्क बाई उतरल्या. गुरुजींच्या मंडळी. पुतळ्याबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. देवीच्या दर्शनाला म्हणून जीपमध्ये आल्या होत्या. समितीवाले त्यांना काकू म्हणत होते.

पाच जण चेहऱ्यापुढं उभे राहून वाद घालायला लागले. नाक, भुवया, ओठ. सर हातातली माती उगाच मळत उभे होते. काकू चेहऱ्यापुढं थांबल्याच नाहीत. वळसा घालून मागं गेल्या आणि डोक्यापासून टाचेपर्यंत पाठ बघत राहिल्या.

"ही पाठ यांची न्हाय," त्या म्हणाल्या. "ही मेंढरामागं चालणाऱ्याची हाय."

कोपऱ्यातल्या आबांनी फेटा सावरत मान खाली घातली.

अध्यक्ष म्हणाले, "काकू, तुम्ही चेहरा बघा. चेहरा तसा वाटतोय का?"

"चेहऱ्याचं तुमी सांगा. तुमी वर्गात समोर बसलाव. म्या कवा समोरून बघितलं त्यास्नी?" काकू म्हणाल्या. "बाजाराला जाताना पुढं ते, मागं म्या. जत्रंला पुढं ते, मागं म्या. पन्नास वर्षं ही पाठच बघितली."

सर पुढं झाले. त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला होता. "काय चुकलंय ते सांगा, काकू."

काकूंनी हात लावला नाही, लांबूनच बोट दाखवलं. डावा खांदा पडका पाहिजे, वह्यांची पिशवी त्याच खांद्याला असायची. मान जरा पुढं. उजवी टाच थोडी बाहेर. सरांनी तारेनं खांद्याची माती कापली, लाकडी पट्टीनं ठोकून खाली बसवली. मान पुढं झुकवली. टाच फिरवली. आम्ही ओली फडकी देत होतो. चेहऱ्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं, पण समोर उभे असलेले पाच जण एकेक करून बोलायचे थांबले. अध्यक्षांनी नकळत हाताची घडी घातली, वर्गात घालतात तशी.

"आता, काकू?" सरांनी विचारलं.

काकूंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. पुतळ्याच्या मागं चार पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या. जरा वेळ वाट बघितली. मग पाठीकडं बघत म्हणाल्या,

"चला की मग."