कॅरिअरवरची सुपारी

बायको गेली ती एक नवस मागं ठेवून गेली. माणूस गेलं की रडावं, तेराव्याला चार लोकांना जेवू घालावं आणि गप बसावं, एवढं मला माहीत होतं. नवस मागं राहिला तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. शिकायला मी चौथीपर्यंतच गेलो.

नवस असा होता. आमचा मुलगा लहान असताना त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. अन्न टिकेना. तेव्हा ती तिच्या माहेरच्या देवीला बोलली, पोर उठू दे, आम्ही जोडीनं सायकलवर येऊन तुझी ओटी भरू. सायकलवरच का, तर लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला माहेरी नेली ती कॅरिअरवर बसवून. पेणहून नागोठणं, तिथून भिसे खिंड, खिंड उतरलं की रोह्याच्या अलीकडं अवचितगडाच्या पायथ्याला तिचं गाव. साऱ्या गावानं आमची वरात बघितली. मला तोंडानं कधी म्हणाली नाय की तिला ते आवडलं. देवीला बोलली, म्हणजे आवडलंच असणार.

पोरगा उठला. नवस राहिला. आधी पाऊस, मग गणपतीच्या कारखान्यातलं काम, मग माझा गुडघा. एस.टी.नं माहेरी जाऊन तिनं देवीची ओटी कितीदा भरली. मी म्हणायचो, झाला की गो नवस. ती म्हणायची, "ही साधी ओटी. नवसाची वेगळी." तिच्या हिशोबानं देवीला एस.टी. चालत नव्हती.

दवाखान्यात शेवटी बोलणं तुटक झालं होतं. एकदा माझा हात धरून म्हणाली, "देवीचं राहिलं." मी म्हटलं, बरी हो, जाऊ. ती काय बरी झाली नाय.

त्यानंतर मला घास गिळवेना. लोकांना वाटायचं दुःखानं. दुःख तर होतंच, पण त्याच्यावर आणखी एक गोष्ट बसली होती. मला वाटायचं, ती पुढं गेलीच नाय, वाटेत कुठंतरी अडकून उभी हाय, माझ्यामुळं. आता जोडीनं जायचं म्हणजे कसं जायचं? अर्धी जोडी जाळून आलो होतो.

पेणमधल्या भटजींना विचारलं. ते म्हणाले, बायको नसली तर माणूस पूजेला सुपारी घेऊन बसतो. सुपारी म्हणजेच बायको धरायची. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो, पण डोक्यात आलं नव्हतं. घरी येऊन चांगली गोल सुपारी निवडली, हळदकुंकू लावलं. तिच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यात नारळ, खण, तांदूळ आणि सुपारी बांधली.

थंडीत रविवारी सकाळी आमच्या पेणच्या रामवाडीत मुंबईचे सायकलवाले येतात. डोक्यावर टोप, घट्ट चड्ड्या, सायकली कागदासारख्या हलक्या. चहाच्या टपरीवर थांबतात. गोवा हायवे खोदून ठेवलेला, धुरळा खाऊन कंटाळले की नागोठण्याला वळतात आणि खिंडीतून रोह्याला उतरतात. मग अष्टमीचा पूल, कुंडलिकेच्या कडेनं कोलाड. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरावर गड, त्यांचे फोटो काढतात. एका रविवारी मी त्यांना म्हटलं, मी पण येतो खिंडीच्या पलीकडंपर्यंत. त्यांच्यातला एक दाढीवाला माझ्या सायकलकडं बघत राहिला. विचारलं, काका, किती जुनी आहे? मी म्हटलं, माझ्यापेक्षा तरणी हाय.

मुलाला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर त्यानं रिक्षा आणली असती.

गाठोडं कॅरिअरवर सुतळीनं बांधलं आणि निघालो. नागोठण्यापर्यंत मी बरा चाललो. ते लोक माझ्यासाठी हळू चालवत होते, त्याचा राग येत होता. मी सांगितलं, पुढं व्हा, मी काय हरवणार नाय. तरी त्यांच्यातली एक बाई माझ्या मागंच राहिली. दाढीवालाही घुटमळत होता.

खिंडीचा चढ लागायच्या आधी एक नळ आहे. तिथं सायकल झाडाला लावली, तोंड धुतलं, पाणी प्यालो, जरा बसलो. चढ मी चालतच चढणार होतो. लग्नानंतर यायचो तेव्हाही इथं ती उतरायची आणि मागून सायकल ढकलायची. एकदा ढकलता ढकलता म्हणाली होती, "अवो, बायको आणलीत का बैल?" मला हसून हसून सायकल धरवेना.

खिंडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा गडाचा डोंगर उघडा पडला. सवयीनं हात मागं नेला, गाठोडं चाचपायला. हाताला नुसती सुतळी लागली.

मी सायकल तिथंच आडवी टाकली आणि आलो त्या रस्त्यानं खाली चालू लागलो. गवतात बघतोय, गटारात बघतोय. गुडघा दुखतोय की नाय तेही कळेना. मागून ती बाई धावत आली. काका, काय हरवलं?

"बायको," मी म्हटलं.

ती जागीच थांबली. माझं डोकं फिरलं असंच तिला वाटलं असणार. मग रस्त्याच्या कडेला बसून तिला सगळं सांगितलं, नवस, कावीळ, सुपारी. तिनं लगेच फोन काढला आणि दाढीवाल्याला लावला. तो खिंड उतरून पार खाली पोचला होता. गाठोडं त्याच्याकडंच होतं. म्हाताऱ्याला चढावर ओझं नको म्हणून नळाजवळ त्यानं ते सोडून आपल्या सायकलवर घेतलं होतं. सांगायचं राहून गेलं.

जीव भांड्यात पडला. पण लगेच दुसरी शंका आली.

सायकल उचलून खिंडीच्या पलीकडं खाली पोचलो. तो दोन्ही हातांवर गाठोडं घेऊन उभा. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं रे? माझी बायको तू तुझ्या सायकलवर खिंड चढवलीस."

तो कानापर्यंत लाल झाला. बाकीचे तोंड फिरवून हसले. मलाही हसू आलं, पण शंका काय जाईना. जोडीनं म्हणजे जोडीनं. खिंडीत जोडी फुटली, मग नवस पोचला का? आता परत पहिल्यापासून यायला माझ्यात ताकद नव्हती.

ते सगळे माझ्याबरोबर देवळात आले. देवीचा गुरव म्हणजे बायकोच्या गावचा, तिच्या भावासारखा. मला दाजी म्हणतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिली चूक तिथंच काढली.

"दाजी, सुपारी कमरेला खोचायची असते. कॅरिअरला नाय."

"ती कमरेला कधी बसली? कॅरिअरवर बसायची."

गुरव डोकं खाजवायला लागला. "आणि खिंडीत?"

"खिंडीत या दाढीवाल्याबरोबर."

"मग मी कोण सांगणार? देवीलाच विचारू."

म्हणजे कौल. त्यानं देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवीला मान्य, डावी पडली तर नाय. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं, आई, तुझ्या गावची लेक, तिच्या नवऱ्यानं जमेल तसं आणलंय, चुकलंमाकलं पोटात घाल, पोचलं असेल तर सांग. आम्ही बघत बसलो. डावी पाकळी सुटल्यासारखी झाली, टोकावर लोंबली. माझ्या शेजारी दाढीवाला टोप घालूनच हात जोडून उभा. त्याचे ओठ हलत होते. माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला.

उजवी पडली. सरळ, देवीच्या पायाशी.

"दिला," गुरव म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "आणि दाजी, खिंडीत ती तुझ्या सायकलवर नसायचीच की. चालायची. देवीला खिंड काय ठाऊक नाय?"

हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. घाबरलेल्या माणसाला सुचत नाय.

गुरवाच्या बायकोनं ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. शेवटी गुरवानं सुपारीसाठी हात पुढं केला. ती इथंच ठेवायची, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मला वाटलं होतं, परत घरी न्यायची. सुपारी माझ्या मुठीत होती, मूठ उघडेना. सगळे उभे, कुणी घाई केली नाय.

गुरव हळू म्हणाला, "दाजी, ती माहेरी आली. राहू दे आता."

मी सुपारी ठेवली.

बाहेर आलो तर पोटात आग पडली होती. एवढी भूक कितीतरी दिवसांत लागली नव्हती. गुरवाच्या घरी वालाचं बिरडं आणि भात होता, दोनदा मागून घेतला. दाढीवाल्यानंही घेतला आणि वाटी पुसून खाल्ली. त्यांना अजून कोलाड गाठायचं होतं. निघताना तो माझ्या पाया पडला. मी म्हटलं, पुढच्या वेळी कुणाचं काय उचलायच्या आधी विचार.

ते पुलाकडं गेले. त्या बाईनं गुरवाकडून नंबर घेऊन माझ्या मुलाला फोन करून ठेवला होता, मला न विचारता. मी गुरवाच्या पडवीत घोंगडी टाकून आडवा झालो.

मुलगा टेंपो घेऊन आला तेव्हा मी घोरत होतो म्हणे. गुरवानं त्याला सगळं सांगितलं. तो मला ओरडायचंच ठरवून आला होता, पण त्यानं मला हलवलंसुद्धा नाय. उन्हं माझ्या तोंडावर येत होती म्हणून सरकून मधे बसला, आणि मी आपणहून उठेपर्यंत तसाच बसून राहिला.