सगळेच थांबतात

भाऊजी,

हे पत्र बसून वाचा. उभ्याने वाचायला घेतलंत की दुसऱ्या परिच्छेदाला तुम्ही चष्मा शोधायला जाता आणि तिकडेच रमता.

सोमवारी तुमचं लायसन्स परत मिळतंय. या सहा महिन्यांत आपण दोघं त्या प्रकरणावर एक अक्षर बोललो नाही. जाऊबाईंना वाटतं, वहिनी अजून रागावल्यात. त्यांना बरोबर वाटतं. तर आधी राग, मग बाकीचं.

त्या सकाळी तुम्ही मला दातांच्या डॉक्टरकडे नेत होतात. तुमची घरची करडी गाडी, वेग ताशी वीस. मी मागे, कारण तुमच्या पुढच्या सीटवर जुनी बॅटरी आणि गेल्या वर्षीची वर्तमानपत्रं बसलेली असतात. गोल चौक आला. चौकात आधीच असलेल्या गाडीला जाऊ द्यायचं, हे तिथल्या पाटीवर लिहिलंय आणि शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. आत बेकरीची व्हॅन फिरत होती. तुम्ही पाठ ताठ, नजर समोर, थेट आत शिरलात. व्हॅनवाल्याने कचकन ब्रेक मारला आणि व्हॅनच्या पोटात पावाचे सगळे ट्रे एकावर एक कोसळले. पोलिसाला पळावंही लागलं नाही. आपल्या वेगाला तो चालत येऊन पोचला.

"काका, व्हॅन दिसली नाही का?"

"कागद द्या," तुम्ही म्हणालात.

कागदावर लिहिलं होतं, 'आधी जाण्याचा हक्क असलेल्या वाहनास वाट न देणे.'

घरी जाऊबाई म्हणाल्या, "भरून टाका दंड आणि जेवायला बसा." तुम्ही बसला नाहीत. मग हळूच सांगितलंत की लायसन्सवर आधीच दोन नोंदी आहेत, तिसरी पडली की सहा महिने जप्ती.

"दोन? कसल्या?" मी विचारलं.

"असतील कसल्यातरी."

पगाराचा प्रश्न नव्हता. नगरपालिका तुम्हाला भांडारात टायरांजवळ बसवणार होती. प्रश्न शववाहिकेचा होता. सव्वीस वर्षं ती गाडी तुमच्या हातात. ती बदली चालकाकडे जाणार, या विचाराने तुम्ही वरणात मीठ दोनदा घातलंत आणि जेवलातही. तुमचं म्हणणं मला पाठ आहे: मागच्या बाकावर बसलेल्यांचं लक्ष दांडी धरण्याकडे नसतं, म्हणून वळणावर ब्रेक लावायचाच नाही, वेग आधीच मोडून घ्यायचा. तुमच्या भावाला नेलं तेव्हा मी त्या बाकावर होते. मला एकदाही दांडी धरावी लागली नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं, पुढे चला.

म्हणून मी कामाला लागले. एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलंय, नोंदीविरुद्धचा एक अर्ज मला जड नाही. जाऊबाईंच्या शिवणाच्या टेपने चौकातल्या झुडपांची उंची मोजली: एक मीटर चाळीस. नकाशा काढला, प्रमाणात. तुमच्या सीटवरून नजरेची रेषा आखली आणि ती झुडपात अडते हे सिद्ध केलं. दिसत असताना असं कोण घुसेल? व्हॅन तुम्हाला दिसली नसणार, हे मी गृहीत धरलं. तुम्हाला विचारायचं तेवढं राहिलं.

सुनावणीत तुम्हाला एकच वाक्य म्हणायचं होतं. "झुडपांमुळे व्हॅन दिसली नाही." जेवणाच्या टेबलाशी चार वेळा तालीम झाली. जाऊबाई डाव हातात घेऊन अधिकारी झाल्या होत्या आणि फारच खाष्ट झाल्या होत्या. चारही वेळा तुम्ही बिनचूक म्हणालात.

सुनावणीची खोली आठवतेय? एक लोखंडी कपाट, त्यावर दुसरं कपाट, आणि कारकुनाचा स्टेपलर, जो प्रत्येक कागदावर दोनदा मारावा लागायचा. अधिकारी बाई तिशीच्या, सर्दी झालेल्या. माझा नकाशा त्यांनी उलटा धरला. मी सरळ करून दिला.

"झुडपांमुळे दिसली नाही, असं इथे लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"अर्ज वहिनींनी लिहिलाय," तुम्ही म्हणालात. "व्हॅन दिसली होती."

मी तुमच्या पायावर पाय दिला. तुम्ही पाय मागे घेतलात.

"दिसली, तर थांबला का नाहीत?"

"ती थांबेल असं वाटलं."

"का थांबेल?"

"सगळेच थांबतात, बाई."

"कोण सगळे?"

तुम्ही जरा विचार केलात. "ट्रक, बस, सायकली. एकदा मंत्र्याच्या गाड्यासुद्धा."

बाईंनी फाइल चाळली. नोकरीच्या रकान्यावर थांबल्या. नाक पुसलं. "त्या दिवशी ती गाडी नव्हती ना पण?"

"नव्हती. घरची होती. सवय झालीय हो."

"मागे कोण होतं?"

"वहिनी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मी बसलेली होते," मी म्हणाले. "तशी नोंद करा."

मग त्यांनी आधीच्या दोन नोंदी वाचल्या. दोन्ही वाट न दिल्याच्याच, दोन्ही तुमच्या सुटीच्या दिवशीच्या. नकाशा त्यांनी मला परत दिला. "चांगला काढलाय," म्हणाल्या, आणि तिसरी नोंद कायम केली. स्टेपलर दोनदा वाजला.

जिन्यात मी म्हणाले, "एक वाक्य! तेवढं एक वाक्य म्हणता आलं नाही?"

"घरी येत होतं," तुम्ही म्हणालात. "तिथे बाईंनी सरळ विचारलं."

खरं बोललात म्हणून मी रागावले नाही. माझ्याशी आधी बोलला असतात तर मी उन्हात झुडपं मोजत बसले नसते. राग संपला. आता बाकीचं.

त्याच संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे आलात आणि पेन्सिलने लिहिलेला एक कागद पुढे केलात. बदली चालकासाठी तीन ओळी: दुसरा गिअर अडतो, जोर करू नको. इस्पितळाच्या उतारावर क्लच सोडू नको. शेवटच्या वळणाआधी वेग मोड.

"मी गेलो तर त्याला वाटेल, म्हातारा पाळत ठेवायला आला," तुम्ही म्हणालात. "तुम्ही द्या. मास्तरणीचं लोक ऐकतात."

"ठेवा तिथे," मी म्हणाले. मनाने मी अजून त्या जिन्यातच होते.

तिसऱ्या आठवड्यात तुम्ही माझ्या गॅलरीत चहा पीत होतात. खालून शववाहिका गेली. कोपऱ्यावर रस्ता उखडलाय तिथे ती हललीसुद्धा नाही. तुम्ही कप खाली ठेवलात. "बघा वहिनी, ऐकलं त्याने."

"चहा गार होतोय," मी म्हणाले.

मी तुम्हाला ओळखते. सोमवारी किल्ली हातात घेण्याआधी तुम्ही त्या गृहस्थाचे आभार मानणार, माझं ऐकल्याबद्दल. तो म्हणेल, कुठला कागद? म्हणून आजच लिहिते. तो तसाच चालवतो, भाऊजी, कोणी न सांगता. तुमचा कागद फ्रिजवर विजेच्या बिलाखाली आहे. शववाहिकेचं गॅरेज माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे, तेही चालत. मी गेलेच नाही.